गाठ दिसली म्हणजे कर्करोगच का?

स्वादुपिंडाचा स्वयंप्रतिकार विकार आणि त्याचे निदान
(व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर बोलायचे म्हटले की मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग असे विषय घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती योग्यच आहे, कारण हे रोग घरोघरी आहेत. आज मात्र आम्ही फार थोड्या लोकांना होणारा एक विकार बोलण्यासाठी निवडला आहे. तो का निवडला, असे आपण विचाराल. त्याचे कारण असे की हा विकार कर्करोगाचे सोंग घेऊन येतो. तो ओळखला गेला नाही तर ज्या माणसाला गोळ्यांनी गुण आला असता त्याच्या पोटावर फार मोठी शस्त्रक्रिया होते. उलट खऱ्या कर्करोगालाच हा विकार समजून गोळ्या देत बसले, तर शस्त्रक्रियेची वेळ हातची निघून जाते. चूक कोणत्याही बाजूने झाली तरी तिची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. म्हणून औषधांपेक्षा निदानाविषयी, म्हणजे रोग ओळखावा कसा याविषयी, आज आम्ही अधिक बोलणार आहोत.

स्वादुपिंड आणि त्याचे काम

स्वादुपिंड हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे आडवा पसरलेला असतो. त्याची लांबी साधारण सहा इंच. त्याचे डोके, मान, धड आणि शेपूट असे भाग मानतात. डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेले असते. स्वादुपिंडाला दोन कामे आहेत. अन्न पचवणारा रस तयार करून एका नळीवाटे तो आतड्यात सोडणे हे पहिले, आणि इन्सुलिन तयार करून रक्तात सोडणे हे दुसरे.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावी. यकृताकडून पित्त घेऊन येणारी नळी आतड्यात उतरण्यापूर्वी या स्वादुपिंडाच्या डोक्यातूनच जाते. त्यामुळे डोक्याच्या भागात गाठ झाली किंवा सूज आली की पित्ताची वाट दाबली जाते. पित्त मागे तुंबते, रक्तात मिसळते आणि डोळे पिवळे होतात. लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो, अंगाला खाज सुटते. लोक तिला नुसती 'कावीळ' म्हणतात, पण ही कावीळ यकृताच्या सुजेची नव्हे, तर वाट अडल्याची कावीळ होय.

आता 'स्वयंप्रतिकार' म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती असते. ती घराच्या पहारेकऱ्यासारखी आहे. परका आला की त्याला अडवायचे, हे तिचे काम. पण कधी कधी या पहारेकऱ्याला घरचे आणि परके यांतील फरक कळेनासा होतो आणि तो घरच्याच माणसांवर काठी उगारतो. असा हल्ला सांध्यांवर झाला की एक रोग होतो, थायरॉइड ग्रंथीवर झाला की दुसरा. तसाच हल्ला स्वादुपिंडावर झाला की त्यास सूज येते, ते कडक होत जाते. या विकाराला वैद्यकशास्त्रात ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस म्हणतात.

लहान मुलांना होणारा, पहिल्या प्रकारचा मधुमेह हाही स्वयंप्रतिकाराचाच रोग आहे, तो हाच का, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. तो हा नव्हे. त्या मधुमेहात फक्त इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारल्या जातात आणि स्वादुपिंडाला गाठीसारखी सूज येत नाही. आज आपण ज्याविषयी बोलतो आहोत त्या विकारात मुख्यतः पाचकरस तयार करणारा भाग आणि त्याच्या नळ्या सुजतात. त्यातून मधुमेह उद्भवू शकतो, पण तो मागाहून येणारा परिणाम होय.

या रोगाची ओळख कशी पटत गेली

सन १९६१ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील डॉक्टर आँरी सार्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या स्वादुपिंडाला जुनाट सूज होती, ते कडक झाले होते आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिन या वर्गातील प्रथिने वाढलेली होती. हा स्वयंप्रतिकाराचा प्रकार असावा, अशी शंका तेव्हाच पुढे आली. पण पुढची तीन दशके ही गोष्ट बहुतेक डॉक्टरांच्या नजरेआड राहिली. १९९५ साली जपानमध्ये योशिदा व सहकाऱ्यांनी या विकाराला त्याचे आजचे नाव सुचवले. स्टेरॉइड औषधाने त्यांच्या रुग्णास चांगला गुण आला होता.

मोठा टप्पा २००१ साली आला. जपानमधील मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठाच्या हामानो व सहकाऱ्यांनी अशा २० रुग्णांचे रक्त तपासले. आपल्या रक्तात आयजीजी नावाची प्रतिद्रव्ये असतात, त्यांचे चार उपप्रकार आहेत. चौथा, म्हणजे आयजीजी-४, हा निरोगी माणसात सर्वांत थोडा. या रुग्णांमध्ये मात्र तोच फार वाढलेला आढळला. निरोगी लोकांत त्याचे मधले मूल्य दर डेसिलिटरला ५१ मिलिग्रॅम होते, तर रुग्णांत ते ६६३ मिलिग्रॅम. फरक जवळजवळ तेरापट! पुढे २००३ साली तोक्योच्या कामिसावा यांनी असे मांडले की हा रोग एकट्या स्वादुपिंडाचा नाही. लाळग्रंथी, पित्तनलिका, लसिकाग्रंथी अशा अनेक ठिकाणी त्याच प्रकारची सूज येते. आज या सर्वांना मिळून आयजीजी-४ संबंधित रोग म्हणतात.

त्याच २००३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील एक पाहणी प्रसिद्ध झाली. स्वादुपिंडाचे डोके काढून टाकण्याच्या ४४२ शस्त्रक्रियांचे नमुने तेथे पुन्हा तपासले गेले. त्यांपैकी ११ जणांना कर्करोग नव्हता, हाच विकार होता. प्रमाण अडीच टक्के. आकडा लहान वाटेल, पण ही शस्त्रक्रिया कोणती ते पाहा. तीत स्वादुपिंडाच्या डोक्याबरोबर लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा काही भाग आणि कधी जठराचाही भाग काढावा लागतो आणि उरलेले सारे पुन्हा जोडावे लागते. तासन्‌तास चालणारी, पोटाच्या सर्वांत अवघड शस्त्रक्रियांपैकी ती एक आहे. त्या शल्यचिकित्सकांना दोष देण्याचे कारण नाही. समोर दिसत होते ते कर्करोगासारखेच होते.

सोंग किती हुबेहूब असते

समजा, साठीच्या घरातील एक गृहस्थ आहेत. पोटात विशेष दुखत नाही, पण डोळे पिवळे झाले. भूक मंदावली, वजन घटले, साखर नव्यानेच वाढलेली निघाली. सोनोग्राफी केली. अहवालात लिहून आले, 'स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ, पित्तनलिका फुगलेली.' घरात रडारड सुरू होते. ही सारी लक्षणे कर्करोगात येतात आणि हीच सारी या विकारातही येतात. वयसुद्धा तेच. आयजीजी-४ चा प्रकार पन्नाशी-साठीनंतरच्या पुरुषांतच अधिक दिसतो.

मग फरक करायचा कशावरून? उत्तर असे की कोणत्याही एका गोष्टीवरून नाही. न्यायालयात निरनिराळ्या साक्षी जुळवून पाहतात, तसेच येथे करावे लागते. २००६ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. सुरेश चारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाच साक्षी एकत्र मांडल्या. त्यापूर्वी २००२ मध्ये जपानने आपले निकष केले होते, कोरियानेही केले. सर्वांचा मेळ घालून २०११ साली आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले. त्या साक्षी आपण एकेक करून पाहू.

पाच साक्षी

पहिली साक्ष चित्रांची. सीटी स्कॅन किंवा एमआरआय यांत या विकारातील स्वादुपिंड पुष्कळदा आखीव सॉसेजसारखे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखे फुगलेले दिसते. त्याच्या नेहमीच्या खाचा बुजलेल्या असतात. कधी कधी भोवताली वेष्टनासारखी एक कड दिसते. कर्करोगात बहुधा एका ठिकाणी कमी रंग घेणारी गाठ दिसते. दोघांत पाचकरसाच्या नळीतला फरक मोलाचा आहे. कर्करोग नळीला एका जागी चिमटतो, त्यामुळे तिच्या मागचा भाग धरणाच्या पाण्यासारखा फुगतो आणि शेपटाकडचे स्वादुपिंड वाळते. स्वयंप्रतिकार विकारात नळी लांबवर अरुंद होते, पण मागे तितकीशी फुगत नाही. मात्र सर्वच रुग्णांत चित्र इतके स्वच्छ नसते. काहींत एकाच ठिकाणी गाठ दिसते आणि घोटाळा तेथेच होतो.

दुसरी साक्ष रक्ताची. आयजीजी-४ वाढलेले असेल तर संशय बळावतो आणि ते नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक असेल तर पुष्कळच बळावतो. परंतु येथे फार सावध राहिले पाहिजे. मेयो क्लिनिकच्या २००७ सालच्या अभ्यासात कर्करोगाच्या १३५ रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील दहा टक्के रुग्णांतही आयजीजी-४ मर्यादेपेक्षा वाढलेले निघाले. दुपटीहून अधिक मात्र फक्त एक टक्क्यात होते. आता विद्यार्थ्यांनी जरा हिशेब करावा. स्वादुपिंडात गाठ असलेल्या लोकांमध्ये कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ आणि या विकाराचे थोडे. म्हणजे थोडे वाढलेले आयजीजी-४ पाहून 'कर्करोग नाही' असे म्हटले, तर बऱ्याच वेळा फसगत होईल. उलट, या विकाराच्या काही रुग्णांत ते वाढलेलेच नसते. कर्करोगासाठी करतात ती सीए १९-९ ही तपासणीही एकटी पुरेशी नाही, कारण पित्त तुंबले की तीही वाढते.

तिसरी साक्ष इतर अवयवांची. ही साक्ष पुष्कळदा रुग्णाच्या बोलण्यातूनच मिळते. गालाखाली किंवा जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाळग्रंथी सुजल्या होत्या का? डोळ्यांच्या वरच्या बाजूस सूज होती का? पित्तनलिका यकृताजवळ अरुंद झाली आहे का? मूत्रपिंडात, फुप्फुसात, लसिकाग्रंथींत काही दिसते का? कर्करोग पसरतो तेव्हाही इतर ठिकाणी डाग दिसतात, म्हणून ही साक्षही तपासून घ्यावी लागते. पण दोन वर्षांपूर्वीच्या लाळग्रंथीच्या सुजेचा एखादा जुना कागद निदानाची दिशा बदलू शकतो.

चौथी साक्ष पेशींची. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचे यंत्र बसवून ती जठरात उतरवतात आणि तेथून सुईने स्वादुपिंडाचा बारीक तुकडा काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली या विकारात विशिष्ट पांढऱ्या पेशींची गर्दी, भोवऱ्यासारखे फिरलेले तंतू, बुजलेल्या लहान शिरा आणि आयजीजी-४ बाळगणाऱ्या पेशी दिसतात. साक्षींत ही सर्वांत वजनदार. तरी तिलाही मर्यादा आहे. सुई गाठीच्या नेमक्या जागी गेली नाही तर कर्करोग असूनही सापडत नाही. 'तुकड्यात कर्करोग आढळला नाही' याचा अर्थ 'कर्करोग नाही' असा लगेच करू नये. काही वेळा पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.

पाचवी साक्ष औषधाच्या परिणामाची. हा विकार स्टेरॉइडला फार लवकर दाद देतो. वरच्या चार साक्षींनंतरही शंका उरली आणि कर्करोगासाठीचा कसून शोध रिकामा गेला, तर तज्ज्ञ डॉक्टर ठरावीक मात्रेत साधारण दोन आठवडे स्टेरॉइड देऊन पुन्हा स्कॅन करतात. सूज स्पष्टपणे उतरली पाहिजे, नळी मोकळी होताना दिसली पाहिजे. नुसते रुग्णाला बरे वाटणे ही साक्ष नव्हे. स्टेरॉइडने भूक वाढते, हुशारी वाटते, आणि ती कर्करोगाच्या रुग्णालाही वाटते. पित्तनलिकेत नळी बसवली असेल तर कावीळ त्या नळीनेच उतरते.

कोरियातील डॉक्टरांनी २००८ साली याविषयी एक बोलका अनुभव प्रसिद्ध केला. ज्यांच्या पहिल्या तपासण्यांत कर्करोग सापडला नव्हता, पण चित्रही स्पष्ट नव्हते, अशा २२ रुग्णांना त्यांनी दोन आठवडे स्टेरॉइड दिले. १५ जणांची सूज उतरली, त्यांना हाच विकार होता. उरलेल्या सात जणांची उतरली नाही, त्यांना कर्करोग निघाला. आणि त्यांचा निकाल दोन आठवड्यांतच लागल्यामुळे सातांपैकी सहा जणांची गाठ पूर्णपणे काढता आली. हेच औषध कोणी तीन-चार महिने 'पाहू या' म्हणून चालू ठेवले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. मुदत ठरवून, तपासणीचा दिवस ठरवून दिलेले औषध ही परीक्षा असते. मुदतीशिवाय दिलेले तेच औषध नुसता कालापव्यय ठरते.

विकाराचे दोन प्रकार

येथवर आम्ही बोललो ते मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी. दुसराही एक प्रकार आहे. तो तरुण वयात, स्त्री-पुरुष दोघांत सारखाच होतो. त्यात आयजीजी-४ बहुधा वाढत नाही आणि लाळग्रंथी वगैरे सुजत नाहीत. काहींना त्याबरोबर मोठ्या आतड्याला व्रण पडून रक्ताचे जुलाब होण्याचा विकार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, असतो. याचे पक्के निदान तुकड्याशिवाय होत नाही. पहिला प्रकार औषध थांबवल्यावर पुष्कळांत पुन्हा उलटतो, म्हणून त्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. दुसरा क्वचितच उलटतो.

आपल्याकडील विशेष अडचणी

हे संशोधन मुख्यतः जपान, कोरिया, युरोप व अमेरिकेत झाले. आपल्या देशात या निदानात आणखी काही पेच आहेत.

एक म्हणजे क्षयरोग. क्षयरोग स्वादुपिंडाला किंवा त्याच्या शेजारच्या लसिकाग्रंथींना होऊ शकतो आणि तोही गाठीसारखा दिसतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, म्हणून अंगात दडलेला क्षय त्याने उसळी घेतो. तेव्हा आपल्याकडे स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाचा आणि हिपॅटायटिस बी चा शोध घेतलाच पाहिजे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांची साखर स्टेरॉइडने आणखी चढते, त्याचीही तयारी ठेवावी लागते.

दुसरी अडचण आपल्या समजुतींची. डोळे पिवळे झाले की आपल्या खेडोपाडी आणि शहरातल्या वस्त्यांतही अजून माणसाला कावीळ उतरवायला नेतात. कोणी गळ्यात माळ घालतो आणि ती लांबत गेली की कावीळ उतरली म्हणतो. कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे पाणी दाखवतो. कोणी नाकात रस पिळतो. यकृताच्या साध्या कावीळीत बरेच रुग्ण आपोआप बरे होतात आणि श्रेय त्या माळेला मिळते. पण वाट अडल्याची कावीळ माळेने कशी उतरणार? महिना-दीड महिना त्यात जातो. कर्करोग असेल तर तो महिना परत मिळत नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर न दुखता आलेली, खाजेची, वजन घटवणारी कावीळ ही आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे नेण्याची कावीळ आहे, एवढे तरी आजच्या व्याख्यानातून सर्वांनी घरी न्यावे.

तिसरी अडचण स्टेरॉइडच्या सैल वापराची. सांधे दुखले, दम लागला, अशक्तपणा आला की कोणी तरी पुडीत स्टेरॉइडची गोळी बांधून देतो. रुग्णाला ठाऊकही नसते. अशा गोळ्या आधी पोटात गेल्या असतील तर सूज अर्धवट उतरते, तुकड्यातील खुणा पुसट होतात आणि निदान चुकते. म्हणून आधी काय औषध घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नये.

कुटुंबाने काय करावे

रोगनिदान हे डॉक्टरांचे काम खरे, पण त्यात घरच्यांचा हातभार मोठा असतो. आमचे सांगणे एवढेच :

१. जुने-नवे सारे कागद, स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात. नुसता अहवाल पुरत नाही, चित्र तज्ज्ञाला स्वतः पाहावे लागते.

२. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी नम्रपणे विचारावे : 'डॉक्टर, हा कर्करोगच आहे की स्वयंप्रतिकाराची सूज असू शकते? त्यासाठी तपासणी झाली आहे का?' हा प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

३. दुसरे मत घ्यायचे तर ताबडतोब घ्यावे. पोटविकारतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि क्ष-किरणतज्ज्ञ एकत्र बसून विचार करतात अशा मोठ्या रुग्णालयात जावे. दुसऱ्या मताच्या नावाखाली महिने घालवू नयेत.

४. निदान पक्के होऊन स्टेरॉइड सुरू झाले तर ते आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. मात्रा हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच कमी करतात.

५. सर्व तपासण्यांनंतर कर्करोगच ठरला, तर 'तो दुसरा आजार असेल' या आशेवर शस्त्रक्रिया टाळू नये. आमच्या बोलण्याचा असा अर्थ कोणी घेतला तर आमचे व्याख्यान उपकारक होण्याऐवजी अपायकारक ठरेल. स्वादुपिंडाच्या डोक्यातील गाठींमध्ये कर्करोगच पुष्कळ अधिक असतो.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या वैद्यकीय शाखेकडे जातील, काही परिचारिका होतील, काही प्रयोगशाळेत काम करतील. बाकीचेही कोणाच्या तरी आजारपणात उशाशी बसणारच आहेत. या एका दुर्मिळ विकारात निदानाचे शास्त्र थोडक्यात पाहायला मिळते. एक आकडा वाढला म्हणून रोग ठरत नाही, एक तुकडा स्वच्छ निघाला म्हणून रोग नाही असेही ठरत नाही. प्रत्येक साक्षीचे वजन किती, ती कोठे खोटी पडू शकते, हे विचारावे लागते. आणि सर्वांत आधी, ज्या शक्यतेत उशीर परवडत नाही, तिचा शोध घ्यावा लागतो. सार्ल यांनी १९६१ मध्ये जे पाहिले त्याचे रक्तातील चिन्ह सापडायला चाळीस वर्षे लागली. त्या चाळीस वर्षांत किती जणांच्या पोटावर विनाकारण सुरी चालली असेल, याची मोजदाद कोणाजवळ नाही. ते ज्ञान आज उपलब्ध आहे. ते गावातल्या, वस्तीतल्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचवणे आपल्या सर्वांच्या हातात आहे.